तोडणकर मास्तरांचा सतरावा नंबर

आमच्या नगरपालिकेत बातम्यांचा कोटा कमी करून मिळतो. त्या खिडकीवर मी कारकून आहे.

भालचंद्र तोडणकर, निवृत्त चित्रकला शिक्षक, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. दिवसाला शे-दीडशे बातम्या कानावर पडून त्यांचा हात कापायला लागला होता. ब्रश धरवत नव्हता. चिठ्ठीवर होतं : रोज तीन.

मी नियम समजावला. पहिल्या तीन कळतील. चौथीपासून पुढच्या कोणी सांगितल्या, दाखवल्या तरी कळणार नाहीत; त्या रांगेत लागतील आणि पुढच्या दिवसांत रोज तीन-तीन करून कळतील.

"लांबची, जवळची असा फरक?"

"नियमात नाही."

त्यांनी सही केली. टीव्ही आणि पेपरही बंद केला. महिन्याभरात हाताचा कंप थांबला.

मग एका गुरुवारी नवाच्या आत त्यांच्या तिन्ही बातम्या संपल्या. दूधवाल्याने घाट बंद असल्याचं सांगितलं, शेजाऱ्यांनी कुणा मंत्र्याचा राजीनामा, आणि न्हाव्याने परदेशातला भूकंप. न्हाव्याच्या टीव्हीवरच्या पुढच्या सोळा रांगेत लागल्या. दहाला कणकवलीहून फोन आला. अकराला मास्तर आणि त्यांच्या पत्नी, काकू, माझ्या खिडकीशी होते.

"चार वेळा सांगितलं यांना," काकू म्हणाल्या. "नुसते माझ्या तोंडाकडे बघतात."

"काय सांगितलंत?"

"थोरले भाऊजी गेले. यांचे सख्खे भाऊ."

मास्तर शेजारीच उभे होते. भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मी रजिस्टर उघडलं. "सतरावा नंबर आहे. बुधवारी कळेल."

"आज दुपारी नेणार आहेत त्यांना."

"कोटा वाढवला तरी पुढच्या एक तारखेपासून लागू होतो, काकू."

मास्तरांनी मला विचारलं, "काही झालंय का? हिचे डोळे सुजलेत."

"एक बातमी आहे तुमची. रांगेत आहे."

"वाईट आहे?"

मी उत्तर दिलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग काकूंकडे वळले. "तुला कुठं जायचंय का?"

काकूंनी मान डोलावली.

"चल. मी येतो."

पुढचं काकूंनी सांगितलं. कणकवलीत तिरडीला मास्तरांनी खांदा दिला. "कोण गेलं हो?" असं त्यांनी वाटेत दोघांना विचारलं. दोघांनीही सांगितलं. पुतण्या गळ्यात पडून रडला, तेव्हा मात्र त्यांनी काही विचारलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी आल्यावर पाच दिवस स्वयंपाक त्यांनीच केला. काकूंना चहाचं भांडंसुद्धा उचलू दिलं नाही. कोणाचं तरी सुतक आहे, एवढं ते आपलं आपण धरून चालले होते.

बुधवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते भात वेळून पेज काढत असताना बातमी पोचली. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि तिथंच जमिनीवर बसले. "दादा," एवढंच म्हणाले. काकूंचं रडून झालेलं होतं. त्या शेजारी बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून रडल्या.

दुपारी मास्तर बातमी मिळाल्याची पोच द्यायला आले. त्यांनी सही केल्यावर कोटा वाढवण्याचा अर्ज मी पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि परत केला.

"तीनच राहू द्या," ते म्हणाले. "तेरावं मंगळवारी येतं ना?"

मी मोजून हो म्हटलं.

"मग जाऊन येतो. या वेळी कोणाचं आहे ते माहीत असेल."