शांत बगळ्याचा काळा पट्टा

ज्याला भांडता येत नाही त्याने लढायला शिकावं, हे तत्त्व सर्व सुसंस्कृत समाजांना मान्य आहे. भांडायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की संबंध बिघडतात. लढायला मात्र सैल विजार, कमरेचा पट्टा आणि थोड्या मोकळ्या संध्याकाळी एवढंच लागतं, आणि प्रत्यक्ष लढाई उभी राहीपर्यंत सगळ्यांशी संबंध उत्तम राहतात. आवक-जावक विभागातल्या भाऊसाहेबांनी केस पिकल्यावर चिनी युद्धकलेच्या वर्गात नाव घातलं, ते याच विचाराने.

प्रकरण साधं होतं. भाऊसाहेब पहिल्या मजल्यावर राहत. तळमजल्यावरचा भाडेकरू आपली मोटारसायकल जिन्याच्या तोंडाशी आडवी लावी. धडधाकट माणूस तिच्या कडेने जाऊ शके. भाऊसाहेबांचे वडील चार पायांच्या काठीचा आधार घेऊन चालत, आणि ती काठी तिथून जात नसे. रस्त्यापलीकडच्या बाकावर त्यांचा जुना दोस्त, एक थकलेला घड्याळजी, संध्याकाळी येऊन बसे. वडील खिडकीतून हात करत, खालून तोही हात करी. जन्मभराची मैत्री आता एवढ्यावर आली होती.

"नुसतं सांगून तरी बघ त्याला," वडील म्हणाले.

भाऊसाहेबांनी सांगून पाहिलं होतं. त्यांचं सांगणं साधारण असं होतं की, आपली गैरसोय होणार नसेल तर, सवडीने, गाडीच्या जागेबाबत विचार व्हावा. त्यावर मोटारसायकलवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बघू हं काका" म्हटलं. भाऊसाहेब घरी येऊन बराच वेळ खांदा चोळत बसले. खांदा दुखत नव्हता, अपमान झाला होता. बायको म्हणाली, त्यात काय एवढं, इमारतीतले चार पुरुष घेऊन जा आणि ती गाडी उचलून बाजूला ठेवा. भाऊसाहेबांना हा उपाय रानटी वाटला. आधी अंगी सामर्थ्य पाहिजे, असं त्यांचं मत पडलं.

सामर्थ्य लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर मिळत होतं. तिथे पूर्वी टायपिंगचा वर्ग चाले. पुढे यंत्रं गेली, मालक राहिले, आणि ते आता सिफू, म्हणजे चिनी भाषेत गुरू, झाले होते. (सिफू स्वतः चीनला गेले नव्हते. पण ते ज्यांच्याकडे शिकले ते गृहस्थ बंदरावर नोकरीला होते, आणि त्या बंदरात चिनी जहाजं येत.) शैलीचं नाव शांत बगळा. बगळ्याच्या शांतपणाबद्दल माशांचं काय म्हणणं आहे, हा प्रश्न वर्गात विचारायचा नसे.

शिक्षण शिस्तीत चाले. हल्लेखोराने आधी वाकून नमस्कार करायचा. मग कुठला हात कुठे येणार हे मोठ्याने जाहीर करायचं, उदाहरणार्थ "उजवी मूठ, छातीवर". समोरच्याने मान हलवली की मूठ पुढे आणायची आणि हवेतच धरून ठेवायची, म्हणजे त्याला तिच्यावर निवांत काम करता येतं. भाऊसाहेबांना ही पद्धत मनापासून पटली. विहित मार्गाने न आलेला कागद ते कचेरीत स्वीकारत नसत, मग ठोसा तरी का स्वीकारावा? वर्गाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे शंभर टक्के हल्ले निष्फळ ठरले होते. रस्त्यावरचा आकडा वेगळा असू शकेल, अशी प्रामाणिक नोंदही त्यात होती, पण रस्ता हा वर्गाचा सभासद नव्हता.

शैलीचा खरा प्राण मात्र पडण्यात होता. सिफू नुसतं बोट लावत आणि शिष्य कोसळे. भाऊसाहेबांना पहिल्यांदा बोट लागलं तेव्हा ते उभेच राहिले. सिफूंनी पुन्हा लावलं, तरी हे उभेच. मग एक जुना शिष्य, पेशाने दंतवैद्य, त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तुमची ऊर्जा अडलीय. पडा."

भाऊसाहेब पडले आणि ऊर्जा मोकळी झाली. नंतर त्यांना मागे वळून बघावं लागलं नाही. साहेबाची भुवई वर गेली की गार पडायची सवय कचेरीने लावलेलीच होती, इथे तिला फक्त गादी मिळाली. बोट लागल्याबरोबर पडणाऱ्याला पिवळा पट्टा मिळे, लागण्याआधी पडणाऱ्याला हिरवा. सिफूंनी घसा खाकरल्यावर जो पडे त्याला तपकिरी. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेच्या वेळी सिफू शेजारच्या खोलीत चहा पीत होते आणि भाऊसाहेब या खोलीत आडवे झाले. परीक्षकांचे डोळे पाणावले.

दरम्यान वडिलांचे पाय आखडत चालले होते. डॉक्टरांनी बजावलं, यांना रोज बाहेर चालवा, नाहीतर हे पाय कायमचे बसतील. काळा पट्टा हातात आला की तुम्हाला बाकावर नेऊन बसवतो, असा त्यांनी वडिलांना शब्द दिला होता, आणि पट्टा तर आता मिळाला होता.

सुटीच्या दिवशी सकाळी वडील धुतलेला सदरा घालून जिन्याच्या वरच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मागे सून, आजूबाजूच्या दारांतून शेजारी. भाऊसाहेब पट्टा बांधून खाली उतरले. मोटारसायकलवाला फडक्याने गाडीची टाकी पुसत होता. भाऊसाहेबांनी त्याला वाकून नमस्कार केला, आणि आयुष्यात प्रथमच 'कृपया'विना वाक्य बोलले.

"गाडी काढा."

मोटारसायकलवाला चपापला. त्याने वर दारांत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. काम झालं होतं. पण भाऊसाहेबांना ते कसं कळावं? अभ्यासक्रमात असं काही नव्हतं. ते एक पाय उचलून बगळ्याच्या पवित्र्यात उभे राहिले आणि कुठला हात कुठे येणार, या घोषणेची वाट पाहू लागले. घोषणा होईना. मोटारसायकलवाल्याला काळजी वाटली. तो जवळ आला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, चक्कर येतेय का?"

भाऊसाहेब पडले. हनुवटी छातीला, हात जमिनीला, कुठेही खरचटलं नाही. इतक्या निर्दोष पडण्याची त्या इमारतीला कल्पना नव्हती.

मोटारसायकलवाल्याने आपल्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग किल्ली परत खिशात टाकली.

वरच्या पायरीवर वडिलांनी काठी घराकडे वळवली. त्या काठीला चार पाय, त्यामुळे ठोके पुष्कळ होते, आणि भाऊसाहेबांना जमिनीवर पडल्या पडल्या सगळे ऐकावे लागले. त्यांना रडू आलं. पण पडल्यावर हलायचं नाही, असा नियम होता.

बातमी वर्गात पोचली. ज्याने शिक्षणाशिवाय काळा पट्टा एका हाताने लोळवला तो जन्मसिद्ध गुरूच असणार, हे तर्काला धरून होतं. सिफू स्वतः जाऊन मोटारसायकलवाल्याला उपगुरू म्हणून घेऊन आले. असला माणूस तळमजल्यावर राहतो म्हटल्यावर शेजारीही घाबरले, आणि त्याच्यापासून संरक्षण व्हावं म्हणून सगळे त्याच्याच हाताखाली शिकू लागले. प्रगती समाधानकारक आहे. हल्ली त्याने गाडीला किक मारली की दोन मजले आडवे होतात. वडील आता खिडकीपर्यंतही येत नाहीत. घड्याळजी काही दिवस खालून हात करत राहिला, मग त्यानेही बाकावर येणं सोडलं.

हे वाचून आपल्याला भाऊसाहेबांचं हसू आलं असेल. "गाडी काढा" म्हणून झाल्यावर नुसतं तिथेच उभं राहायचं होतं, हे आपल्याला बसल्या जागी सुचलं, याबद्दल अभिनंदन. आपल्याही जिन्याच्या तोंडाशी काहीतरी आडवं लावलेलं असेलच, आणि त्याच्या कडेने आपण आजही वर आला असाल. कुणाच्या बोटाची तरी आपल्याला गरज पडली का? नाही ना? मग आपण पिवळा, हिरवा, तपकिरी या पायऱ्यांत वेळ घालवू नये. कमरेचं माप तेवढं कळवावं.