रामटेके काकाजींची लिफ्ट

रामटेके काकाजींकडे गाडी नाही. स्कूटर नाही. एक सायकल आहे, तिच्या घंटीलासुद्धा ते दर रविवारी तेल घालतात. आणि अंगणात चारचाकी उचलायची लिफ्ट आहे. अडीच टन उचलते.

काकाजी लिफ्ट घेणार आहेत ही बातमी आमच्या यांनी मला सांगितली तेव्हा मी मेथी निवडत होते. धक्क्यात मी काड्या टोपल्यात ठेवल्या आणि पानं फेकून दिली. पवनीत लोकांकडे काय काय आहे ते मला ठाऊक आहे, शिक्षिकेला सगळं कळतं. पण लिफ्ट? ती गॅरेजमध्ये असते. ज्याला गाडीच नाही तो काय उचलणार, सायकल?

तशी काकाजींची आमची ओळखही धक्क्यानेच झाली होती. आम्ही इथे नवीन राहायला आलो होतो. रविवारी सकाळी यांनी आमची जुनी गाडी जॅकवर चढवली, खाली दोन विटा ठेवल्या आणि सायलेन्सर बघायला आत शिरले. मी चहा गाळत होते. तेवढ्यात बनियन आणि लुंगीतला एक सडपातळ म्हातारा आमच्या भिंतीवरून उडी मारून आला, त्याने यांचे दोन्ही घोटे धरले आणि खस्सकन बाहेर ओढलं. यांचा सदरा गळ्यापर्यंत गुंडाळला गेला, पाठ सोलवटली. मी किंचाळायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. नवरा चोरून नेणारा चोर मी ऐकला नव्हता.

"इटेवर गाडी ठेवते का कोनी?" म्हातारा यांना म्हणाला. "इट फुटते तवा सांगून नाई फुटत." मग माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे, "जय भीम मॅडम. मी रामटेके. बाजूचा."

नंतर स्वतःच्या घरून चार लाकडी ठोकळे आणून दिले आणि यांच्या पाठीला लावायला मलमही. मी रागाने पंधरा दिवस बोलले नाही. ठोकळे मात्र अजून आमच्याकडे आहेत.

काकाजी मूळचे आसगावचे. भंडाऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चाळीस वर्षं मेकॅनिकी केली. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सोबतचे बरेच जण तिकडे गेले, हे जागचे हलले नाहीत. त्यांना माणसाचं नाव लक्षात राहत नाही, गाडीचं वजन राहतं. आमच्या भाचीच्या लग्नात मी त्यांची नवरदेवाशी ओळख करून दिली, तर विचारतात कसे, "वजन सांगा." तो बिचारा लाजून म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर किलो." काकाजी म्हणाले, "तुमचं नाई बापा, गाडीचं." विटांचा एवढा तिटकारा का, असं मी एकदा विचारलं होतं. "पाह्यलं हाय एकदा," एवढंच म्हणाले आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेले. मग मी पुन्हा विचारलं नाही.

ही लिफ्ट निवडायला त्यांनी तीन महिने घेतले. माझ्या लग्नाला माझ्या वडिलांनी एवढे घेतले नव्हते. फोनवर विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नाही, "लाइन गेली तर?" एकाने सांगितलं, साहेब, जाणार नाही. काकाजींनी फोनच ठेवला. पवनीत लाइन जाणार नाही म्हणणाऱ्या माणसाचा काय भरवसा? दुसऱ्याने सांगितलं, लॉक लोखंडाचं आहे, बसलं की विजेशी त्याचा संबंध नाही, गाडी आहे तिथंच राहील. त्याला काकाजींनी अजून चाळीस प्रश्न विचारले. रबराचे ठोकळे किती जाड, चौकट गाडीखाली सरकवायला किती उंची लागते, जमीन कशी पाहिजे.

त्या उंचीपायी त्यांनी माझा जीव घेतला असता. बाजाराचा दिवस होता. शाळेतून येताना बघते तर रस्त्यात गर्दी, आणि मध्ये रामटेके काकाजी एका गाडीच्या बाजूला पालथे पडलेले. कोणी कांदा फोडून नाकाला लावत होतं, कोणी पाणी मारत होतं. मी हाका मारत पुढे घुसले. काकाजींनी मान न उचलता हातातली फूटपट्टी दाखवली आणि म्हणाले, "सात इंच, मॅडम. लिहून घ्या." आणि मी, तेवीस वर्षं शिकवणारी बाई, भर बाजारात पर्समधून पेन काढून ते लिहून घेतलं.

मग अंगण खोदलं. फरशी उखडून लोखंड टाकून सिमेंटचा ओटा ओतला. धानाच्या पऱ्ह्याला, कोवळ्या रोपांना घालावं तसं त्याला एकवीस दिवस पाणी घातलं. पाण्याने काठोकाठ भरलेलं ताट मधोमध ठेवून सपाटी तपासली. टिनाचं शेड चार फूट वर नेलं, कारण वर गेलेल्या गाडीचं टप टिनाला लागायला नको. लिफ्ट आली, दोन लांब चौकटी आणि एक पंप. आता हिच्यावर चढवायचं काय? आसगावच्या चुलतभावाकडून चाळीस कट्टे धान आलं, एकेक पोतं चाळीस किलोचं. चौकटींवर जाड फळ्या टाकून ते चाळीस कट्टे वर गेले. काकाजींनी खांबावर खडूची रेघ मारली आणि दुपारभर रेघेकडे बघत बसले. एक सूतही खाली आलं नाही. गाव बघायला लोटलं होतं. धान हवेत कशाला चढवलं हे कोणाला कळत नव्हतं, पण टाळ्या वाजल्या.

यानंतर लोक आपापल्या गाड्या आणायला लागले. काकाजी कोणाला नाही म्हणत नसत, पण पद्धत सोडत नसत. आधी सामान उतरवा. डिक्कीतलं, सीटखालचं, सगळं. मग हँडब्रेक. मग कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच ठोकळा, दुसरीकडे नाही. मग वीतभर वर घ्यायची आणि दोन्ही हातांनी हलवून बघायची. डुगडुगली तर खाली, पुन्हा पहिल्यापासून. नाही डुगडुगली तर कमरेएवढी, मग लॉक. दोन्ही बाजूंचा खट् असा आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय ते कोणाला खाली जाऊ देत नसत. आणि काम झालं की गाडी लगेच जमिनीवर. रात्रभर वर ठेवायची नाही, म्हणजे नाही.

सानगडीचा एक गृहस्थ आला होता, त्याची सासू मागच्या सीटवर. बाई उन्हात उतरायला तयार नव्हती. उचला म्हणाली, मी काय जड आहे? काकाजींनी पाऊण तास वाट पाहिली. जावई हात जोडायला लागला तरी बटण दाबलं नाही. शेवटी तिच्यासाठी घरून खुर्ची, पंखा आणि ताक आणलं, तेव्हा ती उतरली. जाताना जावयाला म्हणाली, तुझ्यापेक्षा हा माणूस बरा.

न राहवून मी विचारलं, काकाजी, हे सगळं कशासाठी?

"प्रज्ञा येते ना," ते म्हणाले.

प्रज्ञा त्यांची एकुलती लेक. आठवीत माझ्या वर्गात होती. आता हैदराबादला मोठ्या नोकरीत आहे. काकी गेल्यापासून ती वर्षातून एकदाच येते, बुद्ध पौर्णिमेला, स्वतः गाडी चालवत. दोन रात्री राहते. त्यातला अर्धा वेळ काकाजी तिच्या गाडीखाली आणि ती बाजूला उकिडवी. मागच्या वर्षी काकाजी खाली शिरले आणि गुडघे आखडले, उठताच येईना. दोन माणसं लागली बाहेर काढायला. पोरगी रडली. तिने सांगून टाकलं, आता मी रेल्वेनेच येईन, गाडी आणली की तुम्ही खाली शिरता.

"रेलगाडीचे ब्रेक मी कसे पाहू, मॅडम?" काकाजी मला म्हणाले. ते हसत नव्हते, म्हणून मीही हसले नाही. लिफ्टचा फोटो त्यांनी तिला पाठवला होता. खाली शिरायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, उभ्याने जरा वाकलं की सगळं होतं. येतेस ना गाडीनं?

ती आली. मे महिन्याचं ऊन असं की कावळेही बोलत नव्हते. काकाजींनी तिच्याकडूनही सामान उतरवून घेतलं, पाण्याची बाटलीसुद्धा. वीतभर, हलवा, कमरेएवढी, खट्, खट्. मग बापलेक गाडीखाली वाकून बघत राहिले. पौर्णिमेची खीर झाली, विहारात वंदना झाली. दुसऱ्या दिवशी ती निघणार, तर काकाजींनी जाहीर केलं, समोरच्या चाकाजवळचा एक रबरी बुश गेलाय. पार्ट नागपूरहून येईल. दोन दिवस लागतील.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला उठले आणि भिंतीपलीकडे बघून हबकले. गाडी वरच. रात्रभर वर! चारी बाजूंना दोर बांधलेला, खाली जास्तीचे चार स्टँड आणि ठोकळे, आणि बाजूला खाटेवर काकाजी, डोळे तांबारलेले. स्वतःचा नियम मोडला म्हणून रात्रभर राखण करत बसले होते.

आमचे हे चहाच्या निमित्ताने जाऊन बघून आले. घरात येऊन हळूच म्हणाले, "बुश नव्यासारखा आहे गं."

मला आजवर या माणसाने जेवढे धक्के दिले, त्यात हा सगळ्यात जबर होता. सासूसाठी पाऊण तास थांबणारा माणूस खोटं बोलतो? आणि पोटच्या पोरीशी? तिची नोकरी आहे, सुट्टी आहे! मी तरातरा गेले, चांगलं सुनवायचं ठरवून. काकाजी अंघोळीला गेले होते. प्रज्ञा स्वयंपाकघरात कणिक मळत होती. मी तिलाच सांगून टाकलं.

तिने मळणं थांबवलं नाही. "माहीत आहे मॅडम. निघायच्या आधी मी पूर्ण सर्व्हिसिंग करून आणली."

"मग बोलत का नाहीस?"

"मी तरी कुठं खरं बोलते? दर वर्षी सांगते, बाबा, खालून कसला तरी आवाज येऊन राहिला. काही आवाज नसते. पन गाडीखाली गेले का बाबा बोलतात. आईचं बोलतात, वर्कशॉपचं बोलतात. घरात समोरासमोर बसलो तर जेवली का, याच्यापुढं काही जात नाही." तिने कणकेवर पाणी शिंपडलं. "मी चार दिवसांची सुट्टी जास्तीच घेऊन आली. त्यांनी राह्य म्हनावं, म्हणून वाट पाहून राहिली होती."

मी तिथेच बसले, कणकेच्या परातीसमोर. सुनवायला गेलेली मी, माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सुट्टीचे ते चारही दिवस गाडी वर राहिली. पाचव्या दिवशी काकाजींनीच सांगितलं, पार्टाची गरज नाही, तसाच चालून जाईल. दोर सोडला, स्टँड काढले, खाली कोणी नाही ना हे चारदा वाकून पाहिलं आणि बटण दाबलं. चाकं जमिनीला टेकली तेव्हा बॉनेटवर हात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. प्रज्ञा निघताना माझ्या पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "मॅडम, अधूनमधून तुमच्या गाडीलेही आवाज येऊ द्या."

पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि शेजारच्या फाटकात नेऊन उभी केली. काकाजी रिकाम्या लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"आवाज येऊन राहिला, काकाजी."

ते ताडकन उठले. "कसला?"

मी तयारीच केली नव्हती. "असा... खालून."

"आधी सामान उतरवा."

छत्री, यांच्या जुन्या चपला, स्टेपनी, सगळं उतरवलं. वीतभर, हलवा, कमरेएवढी, खट्, खट्. काकाजी खाली वाकले, चाक हाताने फिरवलं, कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हाय. आवाज हाय."

मी आधी चाकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बुश गेला. पार्ट नागपूरहून येते. दोन दिवस लागतीन." त्यांनी दुसरी खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली. "बसा मॅडम. च्या मांडतो. गाडी तर आता जाऊन नाई राह्यली."

चहा पिता पिता त्यांनी मला काकींचं सांगितलं. तासभर सांगितलं. शेजारी राहून इतकी वर्षं झाली, त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. मग छत्री आणि चपला काखोटीला मारून मी चालत घरी आले. यांनी विचारलं, गाडी कुठे?

"बुश गेलाय," मी म्हटलं. "दोन दिवस लागतील."