आज्ञाधारक आढावकाका

आढावकाकांबरोबर कोलकात्याच्या मेट्रोने कुठेही जाऊ नये. मी एकदा गेले होते. डमडमला चढलो, एस्प्लनेडला उतरायचं होतं. गाडीत सूचना झाली, दरवाजापासून दूर उभे राहा. बांगलात झाली, हिंदीत झाली, इंग्रजीत झाली. काकांना तिन्ही भाषा उत्तम येतात, त्यामुळे ते तीनदा मागे सरकले. एस्प्लनेड आलं तेव्हा ते पार आतल्या बाकांशी पोचले होते. उतरणारे उतरले, चढणारे घुसले. मी फलाटावरून हाका मारतेय आणि काका काचेआडून माझ्याकडे समाधानाने बघत पुढच्या स्टेशनला निघून गेले. उलट्या गाडीने परत आले तेव्हा चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नाही.

"दूर उभं राहा म्हणाले, राहिलो. आज्ञा म्हणजे आज्ञा."

"अहो, पण उतरायचं होतं ना?"

"उतरा असं कुठं म्हणाले ते?"

हे गृहस्थ माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मी बँकेत नोकरीला. बदली होऊन कोलकात्याला आले, नवऱ्याला पुणं सोडवलं नाही, त्यामुळे डमडमच्या या जुन्या इमारतीत मी एकटीच. आल्याआल्या एका संध्याकाळी फोनवर नवऱ्याशी कडाकडा भांडत होते. बेल वाजली. दारात एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ, शर्टाची गळ्यापाशीसुद्धा गुंडी लावलेली.

"बाई, तुमचा आवाज खाली येतो," ते मराठीत म्हणाले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "न्हाई, तसं न्हाई. जरा खिडकीशी उभ्या राहून भांडाल का? नीट ऐकू येईल. मराठीतलं भांडण ऐकून लई वर्षं झाली."

नाव देवदान आढाव. मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. केंद्र सरकारच्या नोकरीत ऐन तरुणपणी इकडे आले आणि कचेरीतल्या टायपिस्ट नोमिता यांच्याशी लग्न करून इथलेच झाले. नोमितांना मी काकिमा म्हणते. आता काका निवृत्त आहेत, मूलबाळ नाही, आणि आज्ञा पाळण्यात त्यांचा जीव आहे. कोपऱ्यावरच्या बागेत 'गवतावर चालू नये' अशी पाटी होती. ती पाटी कधीच पडली, गवतही उरलं नाही. काका अजून त्या उघड्या मातीला वळसा घालून जातात. एकदा भर जानेवारीत डॉक्टरांनी घाम येईपर्यंत चालायला सांगितलं, तर घाम येईना म्हणून हा माणूस जेवायच्या वेळेलाही घरी आला नाही. काकिमांनी शोधायला बाहेर पडून त्यांना तळ्याकाठी गाठलं आणि भर रस्त्यात असं काही फैलावर घेतलं, की घाम आपोआप आला.

या सगळ्यामागे शास्त्र आहे. बायबलला काका शास्त्रच म्हणतात आणि ते जिन्यात सांगतात. शौल राजाला देवाने सांगितलं होतं, शत्रूचं काही म्हणता काही घरी आणायचं नाही. त्याने चांगली पुष्ट मेंढरं निवडून आणली आणि वर म्हणाला, तुलाच बळी द्यायला आणलीत. गेलं राज्य! "देवाला मेंढरं नको होती, बाई, ऐकणारा कान पाहिजे होता." आणि अब्राहाम? त्याला ऊठ म्हटलं, उठला. नीघ म्हटलं, निघाला. कुठे ते विचारलं नाही. "न्हाईतर तुम्ही बँकेची माणसं. बदलीचा हुकूम आला की आधी क्वार्टर विचारता." आमच्या इमारतीवरून विमानं उतरायला जातात. विमान आलं की काका शब्दाच्या मधोमध थांबतात आणि आवाज गेला की तिथूनच पुढे निघतात. शौलाची मेंढरं हातात भाजीची पिशवी घेऊन मी कितीदा ऐकली असतील, देव जाणे.

"म्हणजे नियम पाळले की स्वर्ग मिळतो?" मी एकदा खोचकपणे विचारलं. ते दुखावलेच.

"छे, छे! तारण कमावता येत न्हाई. ते फुकट आहे, कृपेचं आहे. पण ज्याला मिळालं तो ऐकायला लागतो. आंबे लागले म्हणून झाड आंब्याचं होत न्हाई. आंब्याचं असतं म्हणून त्याला आंबे लागतात."

"मग काकिमांच्या झाडाला तर टोपलीभर लागलेत."

काका हळूच म्हणाले, "लागलेत. पण पाणी न्हाई घेतलं."

काकिमांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. या घरातलं दुःख म्हणाल तर हे एवढंच. तसं पाहिलं तर रविवारी काकांच्या आधी त्याच तयार असत. चर्चमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. नाताळात काकांच्या गावाकडच्या पद्धतीने फराळ करत आणि करंज्यांत नोलेन गूड घालत, तो थंडीतला खजुराचा गूळ. अशी करंजी मी महाराष्ट्रात खाल्लेली नाही. गल्लीत कुणी आजारी पडलं की यांचा डबा गेलाच म्हणून समजा. पण प्रभुभोजनाच्या वेळी, मंडळी भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जात तेव्हा, काकिमा बाकावर बसून राहत. लग्नाआधी त्यांच्या कर्मठ वडिलांनी अट घातली होती: त्याच्याशी लग्न कर, पण ते पाणी डोक्यावर घेणार नाहीस असं वचन दे. काकिमांनी पायांवर हात ठेवून वचन दिलं. वडील लवकरच गेले. वचनातून मोकळं करायचं राहून गेलं.

काका दर ईस्टरला वकिली करत. नामान नावाचा एक सेनापती होता, त्याला कोड होतं. संदेष्ट्याने निरोप धाडला, नदीत सात बुड्या मार. सेनापती चिडला. नोकर म्हणाले, धनी, काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतं ना, मग हे तर सोपं आहे! "आणि नोमिता, तुला तर एक बुडीसुद्धा न्हाई. कपाळाला तीन थेंब!"

काकिमांचं मराठी काकांकडून शिकलेलं आणि बांगलाच्या साच्यात ओतलेलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "नामानचा बाबा वचन घेतला होता काय? तुमचा शास्त्रामध्येच लिहिला आहे, बाबाचा मान राख. मी राखला. आज्ञा म्हणजे आज्ञा, आढाव."

पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं, की काका दारात उभे राहून आशेने म्हणत, "पाणी तर दारापर्यंत आलंय." आणि आतून काकिमा ओरडत, "ह्या पाण्याने कॉलरा होते!"

आम्ही हसायचो. काकाही हसायचे. पण एकदा जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "खांबेटेबाई, मी तिकडं जाईन. कृपेने जाईन, त्याची मला खात्री आहे. पण ही न्हाई आली तर? हिच्याबिगर तिथं मला ओळखतं कोण?" मी भाजी घेऊन वर गेले.

काकिमांचं विसरणं सुरू झालं ते चहात मीठ पडण्यापासून. मग मराठी गेलं. मग माणसांची नावं गेली, माझं, शेजाऱ्यांचं, शेवटी काकांचंही. सगळ्यात शेवटी राग गेला आणि तो गेला तेव्हा खरी पोकळी जाणवली. मासळीवाल्याशी एका पाबदा माशावरून अर्धा तास भांडणारी बाई आता कशालाही हसून "हॅं" म्हणते. बांगलात हॅं म्हणजे हो. भात खाणार? हॅं. झोपणार? हॅं. मी लाटसाहेब आहे, बरं का! हॅं.

काका सगळं स्वतः करतात. वेणीसुद्धा घालतात, वाकडी येते. डॉक्टर एक दिवस बघून गेले आणि म्हणाले, आता फार दिवस धरू नका, पण तुम्ही चिंता करू नका. काका वर माझ्याकडे येऊन बसले. "शास्त्रातही तेच आहे, चिंता करू नका. दोन्हीकडून आज्ञा आहे, बाई. पाळताच येत न्हाई." मग म्हणाले, "उभ्या जन्मात ही माझं एक ऐकली न्हाई. आता ऊठ म्हटलं की उठते. तोंड उघड म्हटलं की उघडते. मला भ्या वाटतं."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा आले. दाढी गुळगुळीत, अंगात कोट.

"पाळक येणार आहेत," ते म्हणाले. पाळक म्हणजे त्यांच्या चर्चचे पाद्री. "वडिलांना दिलेलं वचन ती विसरली. म्हणजे सुटली की न्हाई? आता विचारलं तर हो म्हणेल."

"म्हणतीलच," मी म्हणाले. "त्या मलाही हो म्हणतात."

त्यांनी ते ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं. "तुम्ही साक्षीला या."

मला ते मुळीच पटलं नव्हतं. आयुष्यभर जागं असताना जी बाई नाहीच म्हणत आली, तिला झोपेत गाठण्यासारखं वाटलं. तरी गेले. काकिमांना लाल काठाची साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. स्टुलावर पितळी वाडगा होता. काकांनी पाणी कोमट केलं होतं आणि बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून पुन्हा पुन्हा बघत होते. पाळक तरुण बंगाली मुलगा, चेहरा साधा. त्याने काकिमांसमोर गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि मऊ आवाजात विचारलं, "विश्वास करो, मा?"

"हॅं," काकिमा म्हणाल्या.

"मन थेके चाओ?" मनापासून हवंय ना?

"हॅं." त्या त्याच्याकडे बघून हसल्या, मग माझ्याकडे, मग वाडग्याकडे.

पाळकांनी बोटं बुडवली आणि हात वर नेला. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," ते म्हणाले. "जिला विचारायचंय ती घरात न्हाई." मग तेच बांगलात सांगितलं.

पाळक गोंधळले. "काका, आपण तान्ह्या बाळांनाही देतो. त्यांना कुठे कळतं?"

"बाळाने बापाला वचन दिलेलं नसतं."

"पण देव एवढं मोजून बघत नाही. वधस्तंभावर प्रभूशेजारी टांगलेला तो चोर आठवा. त्याने कुठली आज्ञा पाळली होती? त्याला कुठे पाणी मिळालं होतं?"

"न्हाई मिळालं," काका म्हणाले. "पण तो आपल्या तोंडाने बोलला, माझी आठवण ठेव म्हणून. हिला तर मीच आठवत न्हाई." त्यांनी पाळकांचं मनगट सोडलं. "ही आयुष्यभर मला न्हाई म्हणाली, साहेब, आणि शुद्धीत म्हणाली. आता मी तिच्या पाठीमागून हो लिहून घेऊ? आज्ञा मन लावून ऐकायची असते. हे ऐकणं न्हाई. हे नुसतं संपत आलेलं माणूस आहे."

पाळकांनी काकिमांचा हात कपाळाला लावला आणि चहा न घेताच गेले. जाताना काकांना म्हणाले, "दया आपल्या वाडग्यापेक्षा मोठी असते." काका नुसते "आमेन" म्हणाले. त्यात बळ नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण काका भिंतीला टेकून उभे होते. आज्ञेवाचून पाऊल न टाकणाऱ्या माणसाने आपली सगळ्यात मोठी आशा स्वतःच्या हाताने अडवली होती. मी खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत. पाणी निवून जाईल म्हणाले, आणि टॉवेलचं टोक वाडग्यात बुडवून काकिमांचं तोंड पुसायला लागले. कपाळ, डोळे, कानांच्या मागे, गळा. काकिमांनी डोळे मिटून घेतले.

"बाई," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बघितलंत ना?"

"काय, काका?"

"पाळकांनी विचारलं, ती हो म्हणाली. दोन्ही वेळा हो म्हणाली. अडवलं ते मी." त्यांनी टॉवेल पिळला. "उद्या तिथं विचारलं की हिने आज्ञा का मोडली, तर हिने मोडली न्हाई. मी मोडली. जी काय शिक्षा असेल ती माझी, हिला आत घ्या, असं मी सांगणार आहे. पण नवऱ्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं? तुम्ही साक्षीला होता. तुम्ही सांगाल ना?"

मी देवाधर्मातली नाही. देवळात गेले तरी चपलांकडेच लक्ष असतं. वर कुणी आहे, कुणी विचारतं, यावर माझा कधी विश्वास बसलेला नाही आणि आजही नाही. पण त्या खोलीत मला रडू येत होतं आणि अगदी मनापासून वाटलं, की असं विचारणारं कुणीतरी असावं आणि त्याने पहिल्यांदा मलाच विचारावं.

"सांगेन," मी म्हणाले.