घरच्या दोन सऱ्या

जितेंद्रसाठी हे पाचवं स्थळ होतं. आधीची चार 'शेतकरी नवरा नको' म्हणून फिसकटलेली, त्यामुळे त्याच्या वडिलांनी, निंबा आबांनी, यावेळी मुलीकडच्यांना एरंडोलजवळच्या आपल्या मळ्यातच भरीत खायला बोलावलं. जळगावचे लोटनराव आणि त्यांची मुलगी मोहिनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत बोटं चाटून खात होते. खाता खाता लोटनरावांनी सांगितलं की, मोहिनीची आई कॅन्सरने गेल्यापासून त्यांच्या घरी भाजी तासभर मिठाच्या पाण्यात बुडवतात. कशावर काय फवारलंय, कोण जाणे.

आबांनी घाईघाईने विषय पावसापाण्यावर नेला. भरताची वांगी घरच्या दोन सऱ्यांतली होती, तिथे ते थेंबभरही औषध मारत नसत. बाकीचा दीड एकर बाजारासाठी होता आणि त्यात चार दिवसांपूर्वीच कीटकनाशकाचा पंप फिरला होता.

जेवण झालं तसे लोटनराव पिशवी घेऊन उठले आणि नेमके बाजारच्या वांग्यांकडे निघाले. ऊन फार आहे, आबा म्हणाले. चिखल आहे, म्हणाले. शेवटी, काल तिथे साप निघाला होता, असंही म्हणून बसले. झालं! जितेंद्र काठी घेऊन वावरात घुसला, त्याची आई धुरपदाबाई त्याला आवरायला मागे धावली आणि मोहिनी साप बघायला. नसलेला साप काही सापडेना. तोवर लोटनरावांनी चार वांगी तोडलीसुद्धा. पाचव्याला हात घातला तेव्हा आबांना राहवलं नाही.

"नका तोडू, पाव्हणा. ते बजारनं शे. आम्हे खात नही."

सगळे जागच्या जागी थांबले. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग आम्ही जळगावात काय खातो?" लोटनरावांनी विचारलं.

लोटनरावांनी पिशवी ओतून टाकली आणि मोहिनीला निघायला सांगितलं. ती हलली नाही. सुनेच्या ताटात कोणतं वांगं पडतं, असं तिने धुरपदाबाईंना सरळ विचारलं.

"घरनंच, माय."

"मग माझा होकार आहे, बाबा," मोहिनी म्हणाली. "बाजारचं तर चोवीस वर्षं खातेच आहे."

लोटनराव रिकामी पिशवी घेऊन पुन्हा खाली बसले. मग त्यांनी मानपान सोडला आणि एकच अट घातली, जळगावला व्याह्यांकडची भाजी घरच्या सऱ्यांतून यावी. आबांनी डोळे पुसत दोनाच्या चार सऱ्या करायचं कबूल केलं.

बाकीचं जळगाव काही आबांचं व्याही नव्हतं. सोमवारी तिकडे नेहमीचीच वांगी गेली.