चेंडू मागेच द्यावा

उलव्यातल्या प्रणित घरत यांच्या कंपनीत एकच नियम होता : चेंडू मागेच द्यायचा. नियम रग्बीचा. प्रणितशेठ तरुणपणी राज्याच्या संघातून रग्बी खेळले, गुडघा गेल्यावर भरावाच्या कामाला डंपर लावले आणि बघता बघता बिल्डर झाले. खेळाचे उपकार विसरू नयेत म्हणून त्यांनी केबिनमध्ये काचेच्या पेटीत तो लांबट चेंडू ठेवला होता. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडे. आई गोदूबाई त्याला सोललेला नारळ समजून हळदकुंकू वाहत, आणि तसं नाही हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकणं हा गुन्हा. प्रणितशेठनी हे तत्त्व व्यवस्थापनात आणलं. आलेलं काम हातात धरून बसू नये, मागच्याकडे द्यावं. साहेबांच्या मागे मॅनेजर निशा, तिच्या मागे इंजिनिअर देवेश, त्याच्या मागे वॉचमन महादेव. महादेवच्या मागे कुणीच नव्हतं, म्हणून तो तक्रार जिथून निघाली तिथेच परत पाठवी.

कंपनीच्या नव्या टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाताईंच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. त्यांची तक्रार त्याच संध्याकाळी सन्मानपूर्वक त्यांच्याकडे परत आली. दोन दिवस बादली लावून झाल्यावर त्यांनी स्वतःच प्लंबर आणला. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे,' असं कळवून कंपनीने त्यांना सेवेबद्दल अभिप्राय मागितला. अशा रीतीने कंपनीत एकही तक्रार प्रलंबित राहिली नाही, आणि पनवेलच्या उद्योजक मंडळाने प्रणितशेठना 'नेतृत्वभूषण' पुरस्कार जाहीर केला.

समारंभ त्याच टॉवरच्या गच्चीवर होता. गोदूबाईंनी लेकाची एकही मॅच पाहिली नव्हती. आईने आज तरी आपल्याला जिंकताना बघावं, एवढीच प्रणितशेठची इच्छा होती. गोदूबाई सकाळपासून नऊवारी नेसून बसल्या होत्या. पाहुणे वर पोचले. सत्कारमूर्ती रीतीप्रमाणे सर्वांत शेवटी निघाले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली.

प्रणितशेठनी निशाला फोन केला. तिने आधी अभिनंदन केलं, मग विषय देवेशकडे दिला. देवेशने तो महादेवकडे दिला. पाचव्या मिनिटाला शेठचा फोन वाजला. नियम इतका चोख पाळला जातो, हे पाहून त्यांना क्षणभर अभिमान वाटला.

"सायेब," महादेव म्हणाला, "लिफ्टमदी कोणतरी अडकलाय. तक्रार तुमच्याकडं आलीय. जरा बगा."

"अरे, तो मीच हाय."

"मंग बरा झाला. तुमी जाग्यावरच हाव."

गच्चीवर खोळंबा नको म्हणून मंडळाने कार्यक्रम सुरू केला. वक्त्यांनी प्रणितशेठच्या तत्परतेवर भाषणं केली. शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली, श्रीफळ खुर्चीवर ठेवलं. मानपत्र स्वीकारायला गोदूबाईंना मंचावर बोलावलं. त्यांनी माइकमध्ये एवढंच विचारलं, "माजा पोर कुठं हाय?" लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या लिफ्टमध्ये ऐकू आल्या. मैदानावर चेंडू मागे देणारा आधी जिवाच्या आकांताने पुढे धावलेला असतो, हे प्रणितशेठना तेव्हा आठवलं. आता धावायला जागा नव्हती. त्यांनी दार बडवलं. गच्चीवर जेवण करून जिन्याने उतरणाऱ्या सुनंदाताई थांबल्या. खाली जाऊन त्यांनी महादेवला गाठलं आणि परत येऊन दाराशी वाकल्या.

"मी सांगितलं हो साहेब. तुमच्या मागे कोण आहे, ते महादेव विचारतोय."

प्रणितशेठनी मान वळवली. "माझ्या मागं आरसा हाय."

सुनंदाताईंनी निरोप पोचवला आणि त्या घरी गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे पाहुणेही आइस्क्रीम चाटत उतरले. दार बडवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. एवढी मोठी कंपनी आहे, कुणीतरी बघतच असेल, असं प्रत्येकाचं मत पडलं. गोदूबाई मात्र मानपत्र मांडीवर घेऊन गच्चीवर बसून राहिल्या.

ही तक्रार आता मी तुमच्याकडे दिली आहे. तुम्ही इथपर्यंत हसत आलात, लिफ्टवाल्याला फोन काही केला नाहीत. आणि आता मान वळवून मागे कोण आहे ते बघताय.