चार की चौसष्ट?

सगळा दोष आमच्या अप्पांचा. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांची दया येईल. (सगळ्यांनाच येते. माणूस दिसायला गरीब आहे.)

अप्पा, म्हणजे माझे वडील भगवंतराव, सिकंदराबादला रेल्वेत क्वार्टर वाटपाच्या सेक्शनला बत्तीस वर्षं होते. मी पहिल्याच वर्षी बी.कॉम. सोडलं, कॉम्प्युटर घेतला आणि लोकांच्या व्हिडिओ कॅसेटच्या सीड्या करून द्यायचं ठरवलं. देशात सगळं खुलं होऊन दहा वर्षं झाली होती, पण आमच्या नल्लकुंट्याच्या घरात परमिट राज अजून चालूच होतं. अप्पांनी अट घातली, एक काम नीट करून दाखव, पुन्हा कॉलेजचं नाव काढणार नाही. नाहीतर मुकाट्याने फॉर्म भरायचा.

पहिलं काम आलं ते अप्पांचे ऑफिसातले दोस्त नामदेवराव यांचं. त्यांच्या साठीशांतीची तीन तासांची कॅसेट.

नवी हार्ड डिस्क लावली. वापरण्याआधी ती विचारते, क्लस्टर केवढा पाहिजे? म्हणजे डिस्कवर खोल्या पाडायच्या. फाइल तुकडे होऊन त्यांत राहते, आणि एका खोलीत दोन फाइली नांदत नाहीत. खोली चार केबीची की चौसष्टची, एवढाच प्रश्न. दुकानदाराने बजावलं होतं, "मियाँ, विडिओ है तो चौसठ रखो. छोटे रखे तो फ्रेमां गिरते." (म्हणजे मधली मधली चित्रं गळतात.) पण पडद्यावर 'अ‍ॅलोकेशन' हा शब्द उमटला आणि अप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"हे तर माझ्या सेक्शनचं आहे. चारची दे."

"अप्पा, व्हिडिओची फाइल प्रचंड असते."

"असू दे. शेवटचा तुकडा चिमुकलाच ना? त्याला चौसष्टची खोली? सड्या माणसाला मी कधी बंगला दिला नाही." (साहेबांच्या मेहुण्याला दिला होता. अख्ख्या सिकंदराबादला माहीत आहे.)

"दे रे चारची," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "नाहीतर ते जेवायला उठायचे नाहीत."

दिली. रेकॉर्डिंग झालं. बघतो तर नामदेवराव फेफरं आल्यासारखे हलत होते. आत्ता पाटावर, लगेच दारात. पेढा ताटातून नाहीसा होऊन थेट गालात. भटजी तर शेंडीसकट उड्या मारत होते. दुकानदाराचं खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाहीर केलं, "अप्पा, फॉरमॅट करतो सगळं."

अप्पांचा चेहरा उजळला. "कर की! बत्तीस वर्षं हेच सांगतोय. फॉरमॅटमध्ये नसेल तर अर्ज परत!" (त्यांच्या ऑफिसात फॉरमॅट म्हणजे छापील नमुना. ही गंमत मला संध्याकाळी कळली.)

पडद्यावर इशारा आला. अप्पांनी चष्मा चढवून त्यातला एकेक शब्द वाचला.

"ओमकार, यात सगळं पुसलं जाईल असं लिहिलंय."

"मला वाचता येतं. पेन्शनरांनी मधे बोलायचं नाही."

आणि मी चौसष्टवर बोट ठेवून ओके ठोकलं. डिस्क कोरी करकरीत झाली.

"आता कॅसेट द्या. पुन्हा भरून घेतो."

"कॅसेट? ती सकाळीच नामदेवरावांना पोचवली."

"का?"

"तूच म्हणालास ना, सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं? क्वार्टर खाली केलं की चावी परत करायची असते."

मी फोनवर झडप घातली. "काका, ती कॅसेट जपून ठेवा हं!"

"हौ, ठेवलीय की मशिनीत," नामदेवराव खुशीत म्हणाले. "सकाळपासून मॅच भरून घ्यायलोय. कॅसेट पूर्ण भरली बघ."

"काका... त्यावर तुमची साठीशांती होती."

"ती तर तुझ्या कॉम्प्युटरात हाय म्हणे."

मी फॉरमॅटचं सांगून टाकलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आता मी पुन्हा साठ वर्षांचा कसा होऊ रे?"

अप्पांनी कॉलेजचा फॉर्म आणला. बी.कॉम. तीन वर्षांचं असतं. मला पाच लागली.