चार चौकटी आणि एक पंखा

समजा हं, तुमची आई हॉस्पिटलची प्रमुख डॉक्टर आहे, शाळेला सुट्टी आहे आणि तुम्ही तिच्या बैठकीच्या खोलीत चित्र रंगवत बसला आहात. आमची पिटुकली अगदी अशीच बसली होती. समोरच्या फळ्यावर आईने चार चौकटी आखल्या होत्या: ताकद, उणिवा, संधी आणि धोके. हॉस्पिटलने पुढे काय करायचं हे ठरवताना मोठी माणसं अशी मांडणी करतात, तिला ‘स्वॉट’ म्हणतात. चौकटींत आईने चिकटचिठ्ठ्या लावल्या होत्या. मुलांचा वॉर्ड ठेवायचा की बंद करायचा, हे आज ठरणार होतं. आणि आईला तो ठेवायचाच होता.

हॉस्पिटलच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षांना आणायला आई खाली गेली. पिटुकलीला उकडलं, म्हणून तिने पंखा लावला. तोही फुल्ल! चिठ्ठ्या भुर्रकन खोलीभर. बिचारीने टेबलाखाली रांगून त्या गोळा केल्या आणि स्वतःच्या अकलेने परत लावल्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसून फळा वाचला. “डॉक्टर, ‘अनुभवी नर्स’ हा धोका?”

“सुई टोचतात ना!” पिटुकली म्हणाली.

आईने फळ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दुसरं कुणी रडकुंडीला आलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “धोका आहेच. सगळ्या एकाच वयाच्या. एकदम निवृत्त झाल्या तर नव्यांना शिकवणार कोण?”

“हं. आणि समोर नवं हॉस्पिटल उघडतंय, ही संधी?”

“त्यांच्याकडे मुलांचा वॉर्डच नाही. ती मुलं आपल्याकडेच येणार.”

“बरं, पण ‘मुलांच्या वॉर्डात गोंगाट’ ही ताकद? अहो, त्या गोंगाटापायीच तर तो बंद करायचाय!”

आई उत्तर शोधत फळ्याकडे वळली.

“काका,” पिटुकली म्हणाली, “आजारी असले की मी गप्प पडून राहते. बरं वाटलं की दंगा करते. तिथे कितीतरी जणांना बरं वाटतंय!”

अध्यक्ष खो खो हसले. “राहू दे वॉर्ड! दारं तेवढी जाड बसवा.”

आईने लेकीला जवळ ओढलं. “एकच गोष्ट दोन चौकटींत बसते, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं गं.”

पिटुकलीने दोन कोऱ्या चिठ्ठ्यांवर ‘आई’ लिहिलं. एक ताकदीच्या चौकटीत लावली. मग घरी तसाच पडलेला गृहपाठ आठवला, आणि दुसरी तिने धोक्यांत चिकटवली.